हॉलबर्नचा पराभव : दादाभाई नौरोजी यांची पहिली उमेदवारी



निवडणुकीला पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या आणि पडलेल्या माणसाचे चरित्र सहसा कोणी लिहीत नाही. जो निवडून येतो त्याच्या गळ्यात हार पडतात, त्याची छायाचित्रे छापली जातात आणि तो गेल्यावर त्याच्या नावाचा रस्ताही होतो. जो पडतो त्याला किती मते मिळाली एवढेच दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते, आणि तिसऱ्या दिवशी तेही कोणाला आठवत नाही. आज मी आपल्यापुढे अशाच एका पडलेल्या उमेदवाराची हकिगत मांडणार आहे. हा उमेदवार सहा वर्षांनी निवडून आला, म्हणून त्याचे नाव राहिले. दादाभाई नौरोजी १८९२ साली ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले, हे शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. पण त्यापूर्वी, १८८६ साली, लंडनच्याच हॉलबर्न मतदारसंघात ते सपशेल पडले होते, हे फारसे कोणी सांगत नाही. माझे म्हणणे असे की, १८९२ च्या विजयाचे खरे मूळ या पराभवात आहे. तेव्हा विजयाची कथा थोडक्यात सांगून आज पराभवाकडेच जरा निरखून पाहू.

उमेदवाराची ओळख प्रथम करून घ्यावयाची ती त्याच्या पूर्वायुष्यावरून. दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ चा. घराणे पारशी पुरोहितांचे आणि गरिबीचे. चार वर्षांचे असताना वडील वारले. आई माणेकबाई स्वतः शिकलेल्या नव्हत्या, पण मुलाला त्यांनी शिकविले. मुंबईतील त्या वेळची शाळा विनामूल्य होती, म्हणूनच हे शिक्षण घडले. आपण लोकांच्या पैशाने शिकलो, तेव्हा लोकांचे आपण देणेकरी आहो, ही जाणीव दादाभाईंनी जन्मभर बाळगली. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बाहेर पडले आणि तिशी गाठण्यापूर्वीच त्याच कॉलेजात गणित व पदार्थविज्ञान यांचे प्राध्यापक झाले. त्या कॉलेजातील ही जागा मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ.

याच काळात, १८४९ साली, त्यांनी आणि त्यांच्या तरुण मित्रांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. त्यांत मराठी मुलींसाठीही शाळा होती, आणि नाना शंकरशेटांनी तिला आपल्या जागेत आश्रय दिला. १८५१ साली त्यांनी 'रास्त गोफ्तार' हे पत्र काढले. १८५२ साली नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी आदी मंडळींनी बॉम्बे असोसिएशन स्थापन केली, तींतही दादाभाई होते. अर्ज कसा लिहावा, सभा कशी भरवावी, हिशेब कसा तपासावा, हे सार्वजनिक कामाचे शिक्षण त्यांनी मराठी आणि गुजराती मंडळींच्या या संगतीत घेतले.

१८५५ साली ते कामा कंपनीबरोबर व्यापारासाठी इंग्लंडला गेले. प्राध्यापकी सोडून व्यापार, हे ऐकून त्यांच्या चाहत्यांना वाईटच वाटले. त्या व्यापारात अफू आणि दारू होती. ती दादाभाईंना रुचेना, म्हणून ते त्यातून बाहेर पडले व पुढे त्यांनी स्वतःची पेढी काढली. तीही काही वर्षांनी बुडाली. पेढी बुडाली, पण पत बुडाली नाही. १८६६ साली त्यांनी ईस्ट इंडिया असोसिएशन स्थापन केली. १८७३ साली पार्लमेंटच्या समितीपुढे हिंदुस्थानच्या जमाखर्चाविषयी साक्ष दिली. नंतर बडोद्याची दिवाणगिरी थोडा काळ केली, आणि मुंबईच्या म्युनिसिपालिटीत बसून वेहार तलावाच्या पाणीखर्चाचे हिशेब तपासले. १८७६ साली 'हिंदुस्थानचे दारिद्र्य' या विषयावर त्यांनी निबंध वाचला. सबंध देशाच्या उत्पन्नाची बेरीज मांडून त्यांनी दाखविले की, माणशी वर्षाचे उत्पन्न सुमारे वीस रुपये पडते. आणि साध्या अन्नवस्त्राला सुमारे चौतीस रुपये लागतात. म्हणजे सरकार तुरुंगातल्या कैद्याला जेवढे खाऊ घालते, तेवढेही मोकळ्या माणसाच्या वाट्याला येत नाही. या विधानावर पुष्कळ वाद झाले. पण हिशेबाला उत्तर हिशेबानेच द्यावे लागते, आणि ते देणे सरकारला सोपे गेले नाही.

असा हा माणूस १८८६ साली साठी उलटल्यावर पार्लमेंटच्या निवडणुकीला उभा राहावयास निघाला. का?

याचे कारण समजण्यासाठी एक विचित्र गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १८८५ च्या ऑगस्टात दादाभाई मुंबईच्या कायदेमंडळात बसले. पण ते बसले सरकारच्या नेमणुकीने. मुंबई इलाख्यातील कोट्यवधी लोकांपैकी एकालाही त्या मंडळासाठी दादाभाईंना मत देण्याची सोय नव्हती. उलट लंडनमध्ये राणीच्या कोणत्याही प्रजाजनाला पार्लमेंटसाठी उभे राहण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. ज्यांच्यासाठी बोलावयाचे त्यांना मत नाही, आणि ज्यांना मत आहे त्यांना आपले गाऱ्हाणे ठाऊक नाही, असा हा पेच होता. आणि हिंदुस्थानच्या तिजोरीची किल्ली तर तेथेच, टेम्स नदीच्या काठी.

तोवर हिंदुस्थानची बाजू कोणी मांडीत नव्हते असे नाही. हेन्री फॉसेट हा आंधळा अर्थशास्त्रज्ञ पार्लमेंटात हिंदुस्थानच्या खर्चावर इतक्या चिकाटीने प्रश्न विचारी की, त्याला 'हिंदुस्थानचा सभासद' असेच म्हणत. पण फॉसेट १८८४ साली वारले. परक्याच्या चांगुलपणावर उभी राहिलेली वकिली त्या परक्याबरोबरच संपते, हा धडा तेव्हा मिळाला.

१८८५ च्या निवडणुकीत आणखी दोन प्रयोग झाले. इंग्लिश मतदारांना हिंदुस्थानची स्थिती समजावून सांगण्यासाठी तीन इलाख्यांतून तीन प्रतिनिधी विलायतेस गेले. मुंबईतर्फे आपले नारायण गणेश चंदावरकर, बंगालतर्फे मनमोहन घोष आणि मद्रासतर्फे रामस्वामी मुदलियार. त्यांनी गावोगाव व्याख्याने दिली. त्याच वेळी लालमोहन घोष हे बंगाली बॅरिस्टर डेप्टफर्ड मतदारसंघात स्वतः उभे राहिले. ते पडले. पण दार ठोठावता येते एवढे त्यांनी सिद्ध केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईस राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत दादाभाई लंडनला पोचले.

आता, पार्लमेंटला उभे राहणे म्हणजे त्या काळी काय होते ते पाहू. १८७२ पासून मतदान गुप्त झाले होते. १८८३ च्या कायद्याने उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा घातली होती. १८८४–८५ च्या सुधारणांनी मतदारांची संख्या वाढली होती, तरी स्त्रियांना मत नव्हते, आणि प्रौढ पुरुषांपैकीही पाचांतल्या सुमारे तिघांनाच होते. सभासदाला वेतन नव्हते; ते १९११ साली सुरू झाले. तेव्हा उमेदवाराने स्वतःच्या पैशाने लढावयाचे आणि निवडून आल्यास स्वतःच्याच पैशाने लोकसेवा करावयाची, असा प्रकार होता. त्याखेरीज एखाद्या मतदारसंघातील पक्षाच्या मंडळींनी आपल्याला पसंत करावे लागे. हे सर्व तिकडच्या माणसालाही अवघड. मग मुंबईहून आलेल्या साठीच्या पारशी गृहस्थाची काय कथा!

दादाभाईंनी ओळखीच्या उदारमतवादी मंडळींच्या गाठीभेटी घेण्यास सुरुवात केली. सल्ले पुष्कळ मिळाले. त्यांतला एक सल्ला पोशाखाविषयी होता. पारशी पद्धतीची पगडी उतरवून इंग्लिश टोपी घाला, दिसण्यातही सर्वस्वी इंग्लिश व्हा, असे एका हितचिंतकाने सुचविले, आणि दादाभाईंनी ते मानले. आज आपल्याला हे खटकते. परंतु ज्याने कामासाठी प्राध्यापकी सोडली आणि तत्त्वासाठी व्यापार सोडला, त्याने मतांसाठी पगडी उतरविली, तर तिची किंमत त्याला ठाऊक नव्हती असे समजण्याचे कारण नाही.

दादाभाईंना तयारीला वेळ मिळणार होता, पण तो घटनांनी हिरावून घेतला. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी आयर्लंडला स्वराज्य देण्याचे बिल आणले होते. ८ जून १८८६ रोजी त्यांच्याच पक्षातील पुष्कळ सभासद फुटले आणि बिल तीस मतांनी पडले. पार्लमेंट बरखास्त होऊन जुलैत निवडणुका आल्या. उदारमतवादी पक्षाची घडी विसकटली होती. अशा वेळी मध्य लंडनमधील हॉलबर्न मतदारसंघातील पक्षाने दादाभाईंना उमेदवारी दिली. हातात दिवस मोजून तीन आठवड्यांच्या आसपास.

हॉलबर्न हा वकिलांच्या वसतिगृहांचा, कचेऱ्यांचा आणि दुकानदारांचा भाग. तेथे हुजूर पक्षाचे पारडे जड. समोरचा उमेदवार कर्नल फ्रान्सिस डंकन. हा तोफखान्यातला नावाजलेला अधिकारी, मिसरमध्ये काम केलेला, तोफखान्याचा इतिहास लिहिणारा, आणि मागच्याच वर्षी तेथून निवडून आलेला. सोप्या जागेवर पक्ष नवख्याला उभा करीत नाही, ही रीत तिकडेही होती. जी जागा बहुधा जायचीच, ती दादाभाईंच्या वाट्याला आली.

हॉलबर्नच्या टाउन हॉलमध्ये दादाभाई मतदारांपुढे उभे राहिले. आपण परके आहो, हे त्यांनी लपविले नाही. पंचवीस कोटी हिंदी प्रजेला पार्लमेंटात तोंड नाही, आणि तिच्यातील एका माणसाला तुम्ही बोलण्याची संधी द्याल काय, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. आयर्लंडच्या स्वराज्याला त्यांनी मोकळेपणी पाठिंबा दिला. वास्तविक त्या मतदारसंघात तो प्रश्न फायद्याचा नव्हता. हिंदुस्थानपुरते बोलून आयर्लंडविषयी गुळमुळीत राहिले असते, तर कदाचित दोनचारशे मते वाढली असती. पण स्वतःच्या देशासाठी हक्क मागणाऱ्याने दुसऱ्याच्या हक्काविषयी मौन धरावयाचे, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हते.

निकाल लागला. कर्नल डंकन यांना ३,६५१ मते आणि दादाभाईंना १,९५०. सतराशे एक मतांचा फरक. त्या निवडणुकीत उदारमतवादी पक्षाची सगळीकडेच दाणादाण उडाली. मागच्या वर्षी तीनशेहून अधिक जागा जिंकणारा पक्ष दोनशेच्या आत आला. तेव्हा हॉलबर्नचा पराभव हा एकट्या दादाभाईंचा नव्हता.

श्रोतेहो, पराभवाचे आकडे दोन प्रकारे वाचता येतात. फरक वाचला तर १,७०१, आणि मते वाचली तर १,९५०. तीन आठवड्यांच्या ओळखीवर, गुप्त मतदानात, कोणाची भीडमुर्वत नसताना, एक हजार नऊशे पन्नास इंग्रजांनी मुंबईच्या माणसाच्या नावापुढे खूण केली. व्यापारी माणूस तोट्याच्या वहीतही येणे किती ते पाहतो. दादाभाईंनी ते पाहिले असावे, असे त्यांच्या पुढच्या वागण्यावरून दिसते. त्यांनी मैदान सोडले नाही. त्या वर्षाच्या अखेरीस ते कलकत्त्याला राष्ट्रीय सभेच्या दुसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, सरकारी नोकऱ्यांविषयीच्या कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली, आणि १८८७ साली ते पुन्हा लंडनला परतले. या वेळी त्यांनी ठरविले की, पक्ष देईल ती जागा ऐन वेळी घ्यावयाची नाही. एक मतदारसंघ धरून तेथे वर्षानुवर्षे राबावयाचे. १८८८ च्या ऑगस्टात मध्य फिन्सबरी या मतदारसंघाने त्यांना पसंत केले. पक्षातल्याच काहींनी ही निवड मानली नाही, आणि तो घरचा वाद निवडणूक तोंडावर येईपर्यंत धुमसत राहिला.

आणि आता नियतीचा विनोद पाहा. १८८८ च्या नोव्हेंबरात कर्नल डंकन वारले. हॉलबर्नला पोटनिवडणूक झाली. जागा हुजूर पक्षाने राखली, पण मताधिक्य घटले. ते का घटले हे सांगण्याची पाळी पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांच्यावर आली. एडिंबरोच्या सभेत त्यांनी खुलासा केला तो असा : मागील खेपेस मताधिक्य मोठे होते, कारण तेव्हा डंकन यांच्या विरुद्ध एक काळा माणूस उभा होता, मानवजात कितीही सुधारली असली, तरी इंग्लिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल इतकी मजल आली आहे असे आपल्याला वाटत नाही.

हे सॉल्सबरी कोण? हिंदुस्थानमंत्री असताना सनदी नोकरीच्या परीक्षेची वयोमर्यादा एकवीसवरून एकोणीसवर आणून हिंदी मुलांची वाट ज्यांनी अरुंद केली, ते. हिंदुस्थानचे रक्त काढावयाचे तर ते कोठून काढावे, याविषयी १८७५ साली ज्यांनी सरकारी टिपण लिहिले, ते. दादाभाई त्यांचे ते टिपण जन्मभर त्यांनाच ऐकवीत राहिले. परंतु दादाभाईंच्या वीस वर्षांच्या निबंधांनी आणि साक्षींनी जे साधले नव्हते, ते सॉल्सबरींच्या एका वाक्याने साधले. सबंध इंग्लंडभर दादाभाईंचे नाव झाले. उदारमतवादी पत्रांनी पंतप्रधानांवर झोड उठविली. दादाभाईंचा वर्ण सॉल्सबरींहून उजळ आहे, अशी थट्टाही झाली. १८८९ च्या जानेवारीत नॅशनल लिबरल क्लबाने दादाभाईंच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. हे सर्व हॉलबर्नमध्ये पडलेल्या उमेदवाराच्या वाट्याला आले! तेथे उभेच राहिले नसते, तर सॉल्सबरींना त्यांचा उल्लेख करण्याचे कारणच पडले नसते.

तरीही अपमानाने मिळालेली प्रसिद्धी म्हणजे मते नव्हेत. फिन्सबरीच्या क्लार्कनवेल भागात घड्याळे करणारे आणि दागिने घडविणारे कारागीर राहत. दादाभाई त्यांच्या सभांना गेले, कामगारांचे प्रश्न शिकले, स्त्रियांच्या मताधिकाराला त्यांनी पाठिंबा दिला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यासारख्या थोर बाईने त्यांची बाजू घेतली. सयाजीराव गायकवाडांसारख्या संस्थानिकांनी पैशाचा हात दिला. ६ जुलै १८९२ रोजी मतदान झाले. दादाभाई २,९५९, कॅप्टन पेंटन २,९५६. मताधिक्य तीन! 'नौरोजी' हे नाव उच्चारणे जड जाणाऱ्या लंडनकरांनी त्यावर कोटी करून त्यांना 'नॅरो-मेजॉरिटी', म्हणजे निसटत्या बहुमताचा माणूस, असे नाव ठेवले. सॉल्सबरींना ज्या गोष्टीची शंका होती, ती शंका एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मतांनी फेडली गेली.

दादाभाईंनी अवेस्ता हाती घेऊन शपथ घेतली. तीनच वर्षे ते सभासद होते. २ जून १८९३ रोजी, सनदी नोकरीच्या परीक्षा हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्याव्या असा हर्बर्ट पॉल यांचा ठराव दादाभाईंच्या अनुमोदनाने ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला. सरकारने तो बासनात गुंडाळून ठेवला. तशा परीक्षा येथे सुरू व्हावयास १९२२ साल उजाडले. १८९५ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणारे वेल्बी कमिशन नेमले गेले. दादाभाई त्याचे सभासद झाले, आणि १८९७ साली त्याच कमिशनपुढे तिशीतले गोपाळ कृष्ण गोखले साक्ष देऊन आले. पण १८९५ च्या निवडणुकीत दादाभाई फिन्सबरीत पडले, आणि १९०६ साली ऐंशीव्या वर्षी नॉर्थ लँबेथला उभे राहिले तेथेही पडले. म्हणजे चार वेळा उभे राहून ते एकदाच निवडून आले.

येथे आपल्यातील कोणी विचारील, आणि विचारणे रास्तच आहे, की हा सगळा उद्योग व्यर्थ नव्हता काय? साडेसहाशेहून अधिक सभासदांत एकटा माणूस काय करणार? परक्यांच्या दारी जाऊन आपल्या घराचे न्याय मागणे, याला पुढच्या पिढीने भिक्षांदेहीच म्हटले. या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. लंडनच्या घड्याळजींची मनधरणी करून पुण्या-मुंबईच्या माणसाचे हक्क मिळावयाचे नव्हते, आणि मिळाले नाहीत.

पण मला या उमेदवारीकडे पाहताना हुंडीची आठवण होते. १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने वंश आणि धर्म यांचा भेद न करण्याचे वचन दिले होते. ही एक हुंडीच. आमच्या लोकांनी ती कपाटात जपून ठेवली. काहींनी तिला फुलेही वाहिली. दादाभाई पेढीवर बसलेले गृहस्थ. हुंडीची किंमत ती वटवावयास नेल्यावर कळते, हे त्यांना ठाऊक होते. १८८६ साली त्यांनी ती हॉलबर्नच्या खिडकीवर ठेवली, आणि ती परत आली. १८८८ साली खुद्द पेढीच्या मुख्याने, असली हुंडी आम्ही वटवीत नसतो, असे भरसभेत सांगितले. १८९२ साली ती कशीबशी वटली, पण हाती आले ते तीन मतांचे नाणे. त्यानंतर या हुंडीचा भाव काय, हे कोणाला समजावून सांगण्याची गरज राहिली नाही. १९०६ च्या डिसेंबरात कलकत्त्याला राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षपदावरून याच वृद्धाने 'स्वराज्य' हा शब्द उच्चारला. तो शब्द त्यांनी पुस्तकातून उचललेला नव्हता. वीस वर्षे एका दारी उभे राहून, आत काय आहे आणि काय नाही हे स्वतः पाहून आलेल्या माणसाचा तो शब्द होता, म्हणून त्याला वजन होते.

दादाभाई ३० जून १९१७ रोजी मुंबईस वारले. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१–५२ साली झाली, तेव्हा स्त्री असो वा पुरुष, एकवीस वर्षांच्या प्रत्येक नागरिकाच्या हाती मत आले. मुंबईच्या माणसाला मुंबईकरांसाठी बोलावयास लंडनच्या मतदाराची परवानगी लागेनाशी झाली. ही गोष्ट आपल्याला आता इतकी सवयीची झाली आहे की, मतदानाच्या दिवशी ऊन फार आहे म्हणून आपण घरी बसतो.

पुढच्या निवडणुकीत आपल्या दारी एखादा नवखा उमेदवार येईल. त्याच्यामागे मोठा पक्ष नसेल, त्याचे बोलणे अडखळत असेल, तो पडणार हे त्यालाही ठाऊक असेल. त्याला मत द्या, असे मी सांगत नाही. ते ज्याचे त्याने ठरवावे. पण तो कशासाठी उभा आहे, एवढे तरी दोन मिनिटे ऐकून घ्या. हॉलबर्नमध्ये १८८६ साली एक हजार नऊशे पन्नास अनोळखी माणसांनी एवढे सौजन्य दाखविले होते.